पाच ठिकाणी नुसतं विचारलं

३ फेब्रुवारी २०२५

रिक्षासाठी कर्ज द्यायला बँकेनं नाही म्हटलं. भोरच्या शाखेत राजनंदिनी मॅडमनी कॉम्प्युटरच माझ्याकडे वळवला — माझा कर्जाचा स्कोअर ७०४. महिन्यापूर्वी ७४८ होता, मी स्वतः मोबाईलवर पाहिलेला! सोन्यावरचं कर्ज वेळेत फेडलं, मोबाईलचा एक हप्ता चुकवला नाही. मग हे चव्वेचाळीस कुणी खाल्ले?

मीच खाल्ले म्हणे. "जानेवारीत पाच ठिकाणी अर्ज केलेत?" मॅडमनी विचारलं. म्हटलं, अर्ज कुठला, नुसतं विचारलं. नसरापूरचे दोन फायनान्सवाले, शोरूम, वेल्ह्यात एक जण, एक ॲप. व्याज किती, हप्ता किती. प्रत्येकानं पॅनकार्ड आणि ओटीपी मागितला, मी दिला. त्यांच्या लेखी ते पाच अर्ज झाले. थोड्या दिवसांत एवढी दारं हिंडली म्हणजे बाई पैशाला अडलीय, असा हिशेब. एक रुपया कर्ज मिळालं नाही आणि पत तेवढी गेली.

५ फेब्रुवारी

राग जात नाही. आम्ही शेळ्या-मेंढरांची माणसं. माझे आबा एक शेळी घ्यायची तर अख्खा बाजार विचारत फिरायचे. हातावर टॉवेल टाकायचा, खाली बोटं धरून भाव करायचा. शेजारी उभ्या माणसालाही काय ठरलं ते कळायचं नाही. नाही पटलं तर पुढं. मीही तेच शिकले, तसंच नसरापुरात केलं. विचारण्याचीच नोंद होते हे मला आधी कुणी सांगायचं?

८ फेब्रुवारी

घरात कळलं. कुमार — नवरा, वहीत तरी नाव घेते — म्हणाला, "माज्या नावावर घिऊ की. चालव तू. नाव कुनाचं का आसंना."

नाव कुणाचं का असेना! दोन वर्षं दुसऱ्याची रिक्षा चालवतेय, नसरापूर ते वेल्हे. रोज संध्याकाळी मालकाच्या हातावर भाडं ठेवते. लायसन माझं, बॅज माझा. स्टँडवर पुरुषांच्या रांगेत नंबर मिळेना तेव्हा भांडले ती मी. मग गाडीच्या कागदावरही मीच असणार.

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "बाईच्या नावावर गाडी! लोकं काय म्हनतील त्येला?"

"लोकं मागं बसत्यात, आत्या. काय म्हनायचं ते मागं बसून म्हनू द्या."

त्यांची भाकरी करपली. बरं झालं.

१७ फेब्रुवारी

परत मॅडमकडे. सहा महिने कुठंही अर्ज करू नका, म्हणाल्या. नवं कर्ज घेतलं तरी सुरुवातीला स्कोअर थोडा उतरतोच, हप्ते वेळेवर गेले की चढतो, घाबरायचं नाही. आपला स्कोअर आपण पाहिला तर काही बिघडत नाही. ते एक बरंय.

ऑगस्ट तर ऑगस्ट. शेळीसुद्धा व्यायला पाच महिने घेते.

९ मार्च

धाकटे दीर धनाजी. नवा मोबाईल पाहिजे, हप्त्यावर, माझ्या नावावर. "वैनी, तुमचं रेकॉर्ड चांगलं हाय न्हवं!" चांगलं राहावं म्हणूनच नाही म्हटलं. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

२ एप्रिल

७१९! कुणाला सांगितलं नाही. स्टँडवर एकटीनं प्लेटभर भजी खाल्ली.

२१ एप्रिल

मालक रिक्षा विकतोय. महिनाअखेरीला माझी शेवटची फेरी.

कुमार परत तेच म्हणाला, माझ्या नावावर घेऊ. फायनान्सवाल्याचाही फोन आला, आत्ता या, जास्त व्याजानं लगेच करून देतो. दोघांना नाही म्हटलं. मग मोरीत जाऊन रडले. खूप रडले. चार महिने गाडी नाही म्हणजे स्टँडवरचा नंबर गेला, रोजचे पॅसेंजर गेले. सगळं पहिल्यापासून.

तोंड धुतलं आणि पानशेतच्या एका हॉटेलात फोन केला. त्यांना शनिवार-रविवार भाकऱ्यांना बाई हवीच होती. चार महिने भाकऱ्या थापीन. पण नाव माझंच.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

दारात नवी कोरी रिक्षा. कर्ज कुमारच्या नावावर, गाडीही त्याच्याच. मला न सांगता केलं. चावी पुढं धरून म्हणाला, "घे. तुज्यासाठीच आनली." खरंच माझ्यासाठी आणली होती, त्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हटलं, "गाडी चांगली हाय. तुमी चालवा."

कुमार खाली मान घालून नारळ फोडायला वाकला, तर सासूबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि आत देवापुढं नेऊन ठेवला. म्हणाल्या, "ह्यो ऱ्हाऊ दे. हिच्या नावाची ईल तवा फोडू."