ब्रेकला तेल-हळद

उधना, सुरत
१० ऑक्टोबर १९९६

चि. हिलाल यास योगराजचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

प्रथम तक्रार. तू आंतरदेशीय पत्राला डिंक लावतोस की भिंतीला गिलावा करतोस? मागचे पत्र उघडताना तुझ्या दोन ओळी कडेबरोबर फाटून गेल्या. वीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्याला खंडित पोथ्यांची सवय असते. शालकाचे पत्रही त्यात मोडेल असे वाटले नव्हते. तुझ्या कलाताईचे म्हणणे, डिंक चांगलाच आहे, उघडणारा अधीर आहे.

आता मुद्दा. जुनी फियाट घेतली ती आपल्या लेकीसाठी, वर्षासाठी, हे तुला ठाऊक आहे. तिच्या सासरी, साक्रीला, डॉक्टरांनी तिला एसटी वर्ज्य सांगितली आहे, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे तर दिवाळी होताच पोरीला इकडे आणायला हवे. मधे कोंडाईबारीचा घाट उतरायचा, आणि आमचे ब्रेक पेडल दाबल्यावर विचार करायला वेळ मागतात.

भेस्तानच्या सुपडू मिस्त्रीकडे गेलो. चाकाकडे न पाहताच त्याने 'मास्तर, थई जशे', म्हणजे होऊन जाईल, असा निर्वाळा दिला. काय थई जशे, कसे थई जशे, असे विचारले तर उत्तर तेच. शेजारच्या गाडीचा एक स्क्रू त्याने दातांत धरला होता. तो अखेर कुठे गेला ते मला दिसले नाही. तेव्हा ब्रेकचे लायनर मीच बदलणार. गाडीबरोबर पुस्तक मिळाले आहे, पण त्यात नुसती सूत्रे आहेत. धुळे डेपोत बावीस वर्षे एसटीचे ब्रेक बसवणारा भाष्यकार घरचाच असताना मी अडून का राहावे? भाष्य त्वरित पाठव.

आईचे तुला आशीर्वाद. लोभ वाढव, डिंक कमी कर.

योगराज


धुळे
१४ ऑक्टोबर १९९६

ती. दाजींना हिलालचा शिरसाष्टांग नमस्कार.

दाजी, तुम्ही माझ्या लग्नात कुकरची शिटी दुरुस्त केली होती, ती अजून सापडलेली नाही. म्हणून हात जोडून सांगतो, हे काम करू नका. सुपडूला मी ओळखतो, आपल्या अमळनेरकडचाच आहे. 'थई जशे' म्हणतो म्हणजे त्याला येतं. ज्याला येत नाही तो तासभर समजावून सांगतो.

पण तुम्ही ऐकणार नाही, म्हणून ताईच्या कुंकवासाठी लिहितो. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, लाकडी ठोकळे लावा. एका वेळी एकच चाक उघडा. दुसरं तसंच राहू द्या, म्हणजे बघून जुळवता येतं. पाईपातली हवा काढताना ताईला पेडलवर बसवा. भाऊबीजेआधी मला रजा नाही, नाहीतर मीच आलो असतो.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं, जागा संपली म्हणून कडेला लिहितो: लायनरला तेलाचा थेंबसुद्धा लागू देऊ नका, ब्रेक धरणार नाही.

वर्षाच्या आजींना दंडवत. लोभ ठेवा आणि हात सांभाळा.

तुमचा हिलाल


उधना, सुरत
दसरा, २१ ऑक्टोबर १९९६

चि. हिलाल यास आशीर्वाद.

काल खंडेनवमीच्या मुहूर्तावर कार्य सिद्धीस नेले. चारही चाके एकदम उघडली, कारण अध्याय अर्धा टाकून उठणे माझ्या स्वभावात नाही. तुझ्या पत्राची कड रीतीप्रमाणे डिंकाला अर्पण झाली. हाती उरले ते 'लायनरला तेलाचा', एवढेच. इकडे आईने विळी, कात्री आणि माझे शाईचे पेन यांच्या पंक्तीला नवे लायनर देवापुढे मांडून त्यांना सढळ हाताने तेल-हळद लावली होती. नवी वस्तू कोरडी लावू नये, असा तिचा नेम. तुझी तुटकी ओळ आणि तिचा आचार इतके जुळले, की पुढचा मजकूर मीच पुरा केला आणि लायनर तसेच चढवले.

दुपारी वाहन थोडे फिरवले. वेग उत्तम. थांबण्याच्या बाबतीत किंचित सुधारणेला वाव आहे. तुझ्या ताईने अबोला धरला आहे, कारण किरकोळ.

सोने पत्रातून पाठवतो, आपट्याचे असल्याने टपालखात्याची हरकत नसावी.

योगराज


उधना
२२ ऑक्टोबर १९९६

चि. हिलालला ताईचा आशीर्वाद.

तुझ्या दाजींनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, म्हणजे निम्मं गाळलं असणार. तर ऐक. मला पेडलवर बसवलं, 'धर' म्हणाले, आणि 'सोड' म्हणायचं विसरून चहा प्यायला गेले. माझ्या पायाला गोळे आले.

मग हौसेने मला शेजारी बसवून निघाले. पुलाच्या उतारावर गाडी थांबेचना. हे पेडलवर अक्षरशः उभे, आणि गाडीला 'थांब, थांब' सांगताहेत. देवाची कृपा, खाली टेम्पोतून साड्यांचे गठ्ठे उतरवून ठेवले होते, त्यांत जाऊन रुतली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. एक केशरी साडी नाकावर पसरली, तर लोकांना वाटलं पूजेला सजवलेली गाडी आहे. गठ्ठेवाला मात्र गुजरातीत जे बोलला ते तुझ्या दाजींनी मला समजावून सांगितलं नाही.

मी हसले असते रे. पण उतरताना यांनी किल्ली दोनदा खाली पाडली. घरी शिरापुरी केली होती, तिला शिवले नाहीत. तू एकदा नीट विचार. मला सांगत नाहीत.

तुझी ताई


धुळे
२६ ऑक्टोबर १९९६

ती. दाजींना नमस्कार.

ताईचं पत्र पोचलं. तेल प्यालेले लायनर पुसून चालत नाहीत, टाकून द्या. गाडी ढकलत सुपडूकडे न्या. आजींना सांगा, पुढच्या वर्षी नुसता पाना पुजा.

एक विचारतो, रागावू नका. घड्याळाचा सेल बदलायलाही तुम्ही माणूस बोलावता. मग ब्रेकच का?

हिलाल


उधना, सुरत
३० ऑक्टोबर १९९६

चि. हिलाल यास आशीर्वाद.

गाडी सुपडूकडे आहे. मी उलटी बसवलेली एक स्प्रिंग त्याने खिळ्याला टांगून ठेवली आहे; येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवतो आणि मास्तरांची म्हणून सांगतो. काम मात्र त्याने चोख केले. या वेळी दातांतला स्क्रूही मी डोळ्यांदेखत लावून घेतला.

तू विचारलेस, ब्रेकच का. गेल्या वर्षी वर्षाला साक्रीच्या एसटीत मी बसवले. पोटात दुखते आहे बाबा, उद्या जाते, असे ती म्हणत होती. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती, मला सोडवायला येता आले नसते. रस्ता चांगला आहे, काही होत नाही, असे म्हणून मी तिची पिशवी वर ठेवली. नवापूरला तिला उतरवून दवाखान्यात न्यावे लागले आणि ते मूल गेले, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ती उद्या जाते म्हणाली होती, हे तिच्या आईलाही ठाऊक नाही. पोरीने आजवर कोणाला सांगितले नाही.

म्हणून या खेपेस सगळे माझ्याच हातून व्हावे असे वाटत होते. पुलावर ते हात मी पाहिले.

भाऊबीजेला येशील तेव्हा दोन दिवसांची रजा जास्त काढ. साक्रीहून घाट उतरताना गाडी तू चालव, मी मागे वर्षाजवळ बसतो. मला फार भीती वाटते आहे, हिलाल.

ये.

योगराज