पाण्यावर एकसष्ट

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

ईद होऊन चारच दिवस झालेत आणि मी मिरज सोडून कोल्हापूरकर झालेसुद्धा! उचगावात मदिनाचाचींच्या घरी वरची खोली मिळाली. आल्या आल्या चाचींनी उरलेला शीरखुर्मा पुढं ठेवला आणि आधी लग्नाचं विचारलं, मग नोकरीचं.

नोकरी शिवाजी पेठेत, एका तालमीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. धैर्यशीलसर जंगली प्राण्यांवर माहितीपट करतात. सध्याचा गव्यांवर आहे; आजऱ्याच्या पुढं जंगलातल्या एका पाणवठ्यावर चित्रण चालू आहे. कॅमेरा नवा कोरा, एट-के. कॅमेरामन कृष्णातनं मला मोठ्या पडद्यावर गव्याची नाकपुडी दाखवली. तिच्यावर बसलेल्या माशीच्या पंखातल्या शिरा मोजता येत होत्या. मी खरंच मोजत बसले. अब्बा तंबोऱ्याची जवारी लावताना, तारांखालची घोडी घासताना, असेच हरवून जातात.

७ एप्रिल, सोमवार

माझं काम आज नीट कळलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालचं रक्त सरकतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. डोळ्याला ते दिसत नाही, या कॅमेऱ्याला दिसतं. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम त्यावरून ठोके मोजतो आणि मिनिटाचा आकडा पडद्यावर त्या अंगावरच हिरव्या अक्षरात उमटवतो. गवा बिचकला की त्याचं काळीज कसं धावतं, हे सरांना घरबसल्या लोकांना दाखवायचंय. मी रोजचं चित्रण बघायचं आणि आकडे तक्त्यात लिहायचे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांवरच कॅमेरा धरला. सर ९६, मी ७८, कृष्णात ६४. त्याची बायको अनुजा डबा विसरला म्हणून घेऊन आली होती, सातवा महिना आहे तिला. तिचा ८८. जिने चढून आल्यावर एवढा यायचाच, म्हणाली. मला आवडली ती. जाताना माझ्याही ताटात चटणी वाढून गेली.

११ एप्रिल, शुक्रवार

पाणवठ्याचं चित्रण बघतेय. तिथले वाटाडे हंबीरराव, साठीचे असतील. प्रत्येक दृश्याआधी रंग जुळवायला एक पांढरा कागद धरून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. मागं दोन हातांवर गवे पाणी पीत असतात आणि एकही मान वर करत नाही. असा माणूस नशिबानं मिळतो, असं सर म्हणतात.

त्यांच्यावर आकडा येत नाही. त्याच चौकटीत गव्यांवर येतो, ५२, ४९. अकरा दृश्यं तपासली. कृष्णात म्हणाला, उन्हानं रापलेली कातडी मशीनला वाचता येत नसेल. पटलं.

पण पलीकडच्या काठाजवळ, नुसत्या पाण्यावर, ६१ येतो. तक्त्यात ‘चूक’ लिहिलं. उद्या जोतिबाची यात्रा, सुट्टी.

१५ एप्रिल, मंगळवार

गव्याचं प्रतिबिंब असेल असं वाटलं होतं. नाही. गवे निघून गेल्यावर पाणवठा रिकामा असतो, तेव्हाही आकडा तिथंच. सतरा दिवसांचं चित्रण बघितलं. रोज तीच जागा, ६०, ६१, कधी ६३. वाऱ्यानं पाणी हलतं, आकडा हलत नाही.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, प्रोग्रॅमचा घोटाळा आहे, पुढं चल.

माणसाचा असतो असा आकडा. स्वस्थ बसलेल्या माणसाचा.

१९ एप्रिल, शनिवार

परवा काठावर कॅमेरा लावताना कृष्णात घसरून कमरेएवढ्या पाण्यात पडला. हंबीररावांनी ओढून काढलं. त्यानं आज स्वतःच हसत सांगितलं. मग कालचं चित्रण लावलं आणि सरांनी त्याला मिठीच मारली. गव्याचं पिल्लू येऊन कॅमेऱ्याची काच चाटतंय आणि त्याची आई शेजारी निवांत उभी. कृष्णात तिथं आहे हे त्यांच्या गावीही नाही.

दोघांवर मी गंमत म्हणून कॅमेरा धरला. सरांवर १०१ आला. कृष्णातवर काहीच नाही. उजेड बदलून बघितला, जागा बदलून बघितली.

ते संध्याकाळी गेल्यावर कालचं चित्रण पुन्हा लावलं. पाण्यावर दोन आकडे आहेत. ६१. आणि त्याच्या बाजूला ६४.

२२ एप्रिल, मंगळवार

हंबीरराव कसल्याशा सहीसाठी ऑफिसात आले होते. सर बाहेर होते. मी न सांगता कॅमेरा चालू केला, तरी त्यांना कळलंच. शांतपणे म्हणाले, “माझं बघू नगंस, पोरी. माझं तितंच राह्यलंय.”

मग चहा न घेता सगळं सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी रुतलेली म्हैस काढायला ते त्या पाण्यात उतरले होते. तेव्हापासून भूक नाही, भीती नाही. अंगावर डास बसत नाही, जनावर बुजत नाही. गावातलं कुणी गुरं तिकडं नेत नाही. त्या काठाला कॅमेरा लावू नका असं त्यांनी सरांना दोनदा सांगितलं होतं, सरांनी हसण्यावारी नेलं.

परत मिळतं का, मी विचारलं.

“पडून गेलेलं गेलं. पर कुणी मनानं तितं जीव ठेवला, तर शेवटी आलेलं सुटतंय. बावीस वर्सांत माज्यासाठी कोण आलं न्हाय. आता तर त्या कॅमेरावाल्या पोराचं माज्यामागनं आलंय, माझं शेवटचं बी न्हाय.”

२५ एप्रिल, शुक्रवार

अनुजा आली होती. कृष्णात आठ दिवस जेवलेला नाही. डॉक्टरकडं चल म्हटलं की हसतो, इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं म्हणतो. ती रोज त्याच्या छातीला कान लावून पडते. रिकाम्या घागरीला लावावा तसं वाटतं, म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. हंबीरराव शेवटी जे बोलले तेही.

नको होतं सांगायला.

२६ एप्रिल, शनिवार

अनुजाचा फोन. उद्या आजऱ्याला निघालीय. नुसतं बघून येते म्हणते. मला तिचा आवाज आवडला नाही. तू आलीस तर तुझ्याबरोबर, नाही तर एकटी, म्हणाली.

जातेय. कॅमेरा आणि लॅपटॉप सरांना न विचारता घेतलेत. आकडे डोळ्यांनी बघितले तर घाबरून मागं फिरेल —

२७ एप्रिल, रविवार. पाणवठा.

अकरा वाजलेत. हंबीरराव नाहीत. कुणीच नाही. पाणी एवढंसं आहे, चित्रणात मोठं दिसायचं.

कॅमेरा लावला. ६१, ६४. तिला दाखवले. घाबरली नाही. ६४ वर बोट ठेवून उभी राहिली.

मी वायर जोडायला वाकले आणि —

गुडघ्यापर्यंत गेली होती. मी दंडाला धरून ओढली. माझा पाय कोरडा आहे. बघितलं नीट, कोरडा आहे.

६४ गेला. पाण्यावरून गेला!

अनुजाला कृष्णातचा फोन. भूक लागलीय म्हणतोय, भाकरी कुठं ठेवलीस. अनुजा हसतेय आणि रडतेय. तिच्यावर कॅमेरा धरला, ९१. तिचा तिच्यापाशीच आहे. काहीच गेलं नाही तिचं.

मग ठेवलं कुणाचं —

पाण्यावर पुन्हा दोन आहेत. ६१.

आणि १४२.

एवढा वेग कुणाचा असतो मला माहीत आहे. बहिणीच्या सोनोग्राफीला तिच्याबरोबर मीच गेले होते.

अनुजा पोटावर हात ठेवून म्हणाली, झोपला वाटतं, सकाळपासून किती नाचत होता. मी हो म्हणाले. लॅपटॉप माझ्याकडं वळवून घेतला.

कृष्णातला फोन केला, लागत नाही. हंबीररावांकडं फोनच नाही. ती आता चल म्हणतेय. पाच मिनिटं, म्हणाले.

शेवटी आलेलं सुटतंय. तसंच म्हणाले होते ना ते. तसंच.

तिला सांगितलं तर ती पुन्हा उतरेल.

काठाच्या दगडावर बसलेय. चपला काढल्यात. पाय दमलेत, थोडे बुडवते, असं तिला सांगितलंय. कॅमेऱ्यात मीही दिसतेय. माझा ११८.

मनानं ठेवायचं. भीती वाटत असली तर चालतं का, हे विचारायचं राहिलं.

पाणी कोमट आहे.

१४२. १४२. १४०.

अब्बांना कुणीतरी —

१४२ गेला.

अनुजा ओरडली, “ताई, लाथ मारली बघा ह्यानं.”

६१ आहे. त्याच्या बाजूला ११८. माझ्यावर आता —