रोशनीचा ढावलो

तांडा, ता. घाटंजी
२५ सप्टेंबर २०१७

चि. पूनमसिंग यास,
जय सेवालाल. आशीर्वाद मागाहून देईन, आधी शिव्या घे.

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू मध्येच तोंड घालतोस, पत्रात ती सोय नाही. एप्रिलमध्ये रोशनीच्या लग्नात पोरगी माझ्या गळ्यात पडून पाठवणीचा ढावलो म्हणत होती आणि तू मोबाईल धरून उभा होतास. मला वाटलं, मामा आहे, भाचीची आठवण ठेवतोय. ती आठवण तू इंटरनेटवर टाकलीस! वर नाव काय, तर इतिहास, पाठ चौथा. माझ्या लेकीचं रडणं म्हणजे तुझ्या लेकीचा, काजलचा अभ्यास?

नवरी ढावल्यात मनातलं सगळं ओकते. बापाला बोल लावते, आईला लावते. ते कोणी मनावर घेत नाही, पुन्हा उकरत नाही. मांडवातलं मांडवात. हे आपल्या तांड्यातल्या कुत्र्यालाही कळतं, तुला कळलं नाही. आता पांढरकवड्याला तिच्या सासूनं ते ऐकलं. मला नर्स व्हायचं होतं, याडी, तू मला खुंट्याला बांधलंस, असं म्हणे रोशनी त्यात म्हणते. मंग आमचं घर खुंटा हाय काय, असं सासू गावभर विचारते. दिवाळीला पोरीला धाडणार नाही म्हणाली.

आणि काजलला शाळेत घाल. मी पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली. मोबाईलवर गाणी ऐकून शहाणं झालेलं पोर मला अजून भेटायचं आहे.

बहिणीचा लोभ हवा असेल तर ते गाणं आजच काढ.
मानीबाई


वणी
३० सप्टेंबर २०१७

ती. बाईस पूनमसिंगचा नमस्कार, वि. वि.

शिव्या पोचल्या, एकही गहाळ झाली नाही.

काजलला मी हौसेनं घरी बसवलेलं नाही. वर्गात एका पोरानं तिला सांगितलं की तुमचे लोक सरकारदप्तरी चोर होते. मास्तर हसले. दुसऱ्या दिवशी मीच तिचं दप्तर घरी आणलं. खाणीतली ड्यूटी संपली की मी शिकवतो, दहावीला ती बाहेरून बसेल. पुस्तकात आपल्यावर दोन ओळी आहेत, गाण्यांत सगळा रस्ता आहे. होळीच्या लेंगी ऐकून तिनं भिंतीवरच्या नकाशावर गावं, नद्या आणि आपल्या बंजाऱ्यांचे मिठाचे बैल कुठून कुठं गेले ते मांडलं. मारवाडातल्या बायकांची पाठवणीची गाणी नेटवर आहेत. ती ढावल्याशेजारी ठेवली तर अकरा शब्द तेच निघाले. तेरा वर्षांच्या पोरीनं शोधलं हे, बाई. आपला ढावलो मात्र नेटवर धड सापडेना, म्हणून मी रोशनीचा टाकला. चौदाशे लोकांनी ऐकला.

तुला राग कशाचा आला, सासूनं ऐकलं याचा, की रोशनी खरं बोलली याचा? बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पाडून तिनं नर्सिंगचा फॉर्म तुझ्या हातात दिला होता. तू तो तुरीच्या कोठीत टाकलास. ते कोणत्या मांडवात झालं?

तरी गाणं काढलं आहे, कारण रोशनीचं वाटोळं मला नको. तू लोभ ठेव न ठेव, धाकटा म्हणून मला ठेवावाच लागतो.
पूनमसिंग


तांडा
७ ऑक्टोबर २०१७

पूनमसिंग यास,

चि. लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

गाणं काढलंस म्हणून पाठ थोपटू का? बुंदसे गयी वो हौदसे नहीं आती. ते आता ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये आहे. पांढरकवड्याच्या पानठेल्यावर माझ्या लेकीचं रडणं वाजतं आणि टवाळ पोरं पान चघळत ऐकतात.

परवा मी स्वतः तिच्या सासरी गेले. सासूनं पाणीही विचारलं नाही. रोशनी दारापर्यंत आली. ना गळ्यात पडली, ना रडली. तिनं एवढंच विचारलं, याडी, तू ऐकलंस का? मी म्हटलं, मी कायले ऐकू ते? ती वळून आत गेली.

तुझ्या इतिहासापायी माझी लेक माझ्याशी बोलत नाही. भाऊबीजेला माझ्या दारात पाय ठेवू नकोस. ओवाळायचं ताट मी पालथं घातलं आहे.
मानीबाई


यवतमाळ, सरकारी दवाखाना
१४ ऑक्टोबर २०१७

पूनमसिंग यास,

तुझे भाऊजी मंगळवारी फवारणी करून आले आणि ओकायला लागले. डोळ्यांना दिसेना. इथं वॉर्डात सगळे कापसाच्या, पऱ्हाटीच्या वावरातूनच आलेले, एका खाटेवर दोन-दोन. आता बरे आहेत, उद्या सोडतील.

त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते ती लखीरामची ममता. रोशनीच्याच बाकावर बसायची. दोघींनी एकाच दिवशी फॉर्म आणला होता. तिनं विचारलं, रोशनी कुठं आहे? मी म्हटलं, सासरी. ती पुढच्या खाटेकडं गेली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तिच्याही मोबाईलमध्ये तो ढावलो निघाला. काल मी मागून घेतला आणि कानाला लावून पहिल्यांदा ऐकला. लग्नात मी ऐकलाच नव्हता, पूनम. लेक ढावलो म्हणते तेव्हा आईनं गाऊन उत्तर द्यायचं असतं. माझ्या याडीनं मला दिलं होतं. रोशनी खुंट्याची ओळ म्हणते आणि थांबते. माझ्यासाठी थांबते. तेवढ्यात तिच्या जवळूनच एक बाई ओरडते, पंगत बसली रे, बुंदी आणा. तो माझा आवाज आहे. चौदाशे लोकांनी ऐकला तो.

उद्या भाऊजींना तांड्यावर सोडून मी पांढरकवड्याला जाणार. पुढच्या साली फॉर्म कधी निघतो ते ममतानं कागदावर लिहून दिलं आहे, तो पदराला बांधला आहे. रोशनीच्या दारात उभी राहून मी उत्तर म्हणणार. सासूनं ऐकावं, पानठेल्यानं ऐकावं. पोरगी बाहेर येईल न येईल.

तुला माफ केलेलं नाही. काजलनं शाळेत जावं हेही माझं कायम आहे. पण भाऊबीजेला ये, तिलाही आण. तिला म्हणावं, तुझा चौथा पाठ अर्धाच आहे, आईकडचा राहिला.

तुझी बहीण,
मानीबाई