वाळवायला जागा

ता. ६ जानेवारी

चि. खटपटीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. इकडे सगळे खुशाल, माझ्या गुडघ्याचं तेवढं वेगळं मत आहे. तू पाठवलेलं ते गोल मऊ झाकण फारच कामाचं निघालं गं. साखरेच्या भांड्याचं झाकण फुटल्यापासून मुंग्यांनी उच्छाद मांडला होता. तुझं झाकण त्यावर असं चपखल बसलं, जणू माप घेऊन केलंय. काठात कडी आहे ती दाबली की लांबट होते, सोडली की टुणकन गोल. आजोबांना दोनदा करून दाखवलं. शेजारच्या मास्तरीणबाई चहाला आल्या होत्या. त्यांनी ते उचलून खालून-वरून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा बिनसाखरेचा प्यायल्या. साखरेचा आजार जडला असेल बिचारीला, मी काही विचारलं नाही.

डबीत एक कागद होता, पण अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. घडी करून खिडकी वाजते तिथे खोचला.

तू नेमकं काय करतेस असं लोक विचारतात. काका सांगतो, औषधांच्या कारखान्यात आहे. आता मी सांगते, झाकणं करते, आणि पहिल्या नंबरची करते.

तुझ्या काकूचं म्हणशील तर चाललंय. तिसऱ्या मुलीच्या बाळंतपणात ती हातची जाता जाता राहिली, तुला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की चौथं म्हणजे जिवाशी खेळ. गोळ्यांनी तिचे पाय सुजतात. ऑपरेशन करावं तर तिला भूल सोसणार नाही म्हणतात. काकाने करून घ्यावं असं मी सुचवलं, तर त्याला तेवढ्यापुरतं ऐकू येईनासं झालं. म्हणून ती माझ्या खोलीत निजते, धाकटीला मध्ये कुंपणासारखी घालून. काका सकाळी दूध नासल्यासारखं तोंड करून बसतो.

हे फोनवर काढू नकोस. आपल्याकडे फोन वाजला की तो सगळ्या घराचा होतो. पत्र मात्र माझं एकटीचं असतं.

तिसरीपर्यंतच शाळा झाली, तेव्हा चुकलंमाकलं पदरात घे. माया आहेच, तू अधूनमधून तिला पत्राचं पाणी घालत जा.

तुझी आजी


ता. १५ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, आधी ते झाकण काढ.

मी पत्र वाचून इतकी हसले की साहेब केबिनमधून बाहेर आले. मग वाटलं, चूक माझीच. काकूच्या नावाचं पाकीट घरात कोणीही फोडतं म्हणून मी ते तुझ्या नावाने पाठवलं, आणि सगळा खुलासा त्या मुंगीच्या पायांवर सोडला. तो कागद खिडकीतून काढून काकूला दे.

आजी, ते बाईने आत बसवायचं असतं, दिवस राहू नयेत म्हणून. गर्भपिशवीच्या तोंडाशी आडोसा होतो. सोबत एक मलम लावायचं. नंतर सहा तास तसंच ठेवायचं, मग काढून, साबणाने धुऊन, वाळवून डबीत. एकच नग दोन वर्षं पुरतो. शंभर टक्के हमी कशाचीच नसते, पण गोळी नको, भूल नको, आणि कोणाची परवानगी नको. मी हेच करते. दोन भागांचं सिलिकॉन कालवायचं, कडीभोवती साच्यात ओतायचं, तापवून दाबायचं. मग मुली हाताने काठ कातरतात आणि एकेक नग पाण्याने भरून उजेडात धरतात, कुठे टाचणीएवढं भोक नाही ना म्हणून.

तुला पाठवलं ते नुसतं पाहायला होतं. काकूसाठी तुमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नाव घातलंय. तिथे साठ बायकांवर आमची चाचणी चालू आहे.

आणि तिथेच घोडं अडलंय. साठातल्या चौतीस जणींनी वापरणं सोडलं. कारण लिहितात, 'नीट बसत नाही.' आम्ही कडी मऊ करतोय. एकतीस मार्चला पोलादी साचा कापायला जाईल. त्यावर सही माझी. साचा एकदा कापला की पुढची कित्येक वर्षं लाखो बायकांना तेच मिळणार, चुकलेलं असलं तरी.

आजोबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ साखरेच्या भांड्यापेक्षा जास्त असू दे.

तुझी खटपटी


ता. २ फेब्रुवारी

चि. खटपटीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस मी पदरात तोंड घालून हसत होते. आजोबांनी कारण विचारलं तर म्हटलं दात दुखतो. साखर टाकून दिली, झाकण उकळून ठेवलं. मास्तरीणबाईंना जिन्यात गाठून सांगितलं की आमची नात थट्टेखोर आहे. त्या गंभीरपणे म्हणाल्या, तुमचं घर फार पुढारलेलं आहे हो.

तिसऱ्या दिवशी हसू ओसरलं. मला आठ झाली, पाच राहिली, हे तुला माहीत आहे. प्रत्येक वेळी महिना चुकला की मी न्हाणीत दार लावून उभी राहायची. रडायला नाही गं, नुसती उभी. तेवढीच एकटीची जागा होती. माझ्या सासूबाईंना उपाय विचारला तर म्हणाल्या, नवऱ्याला लवकर झोप येईल असं जेवायला वाढ. वाढलं. उपाय लागू पडला नाही.

काकूला मी नर्सबाईंकडे नेलं. घरी सांगितलं माझा गुडघा दाखवायला जातोय. नर्सबाईंनी रबरी नमुन्यावर शिकवलं, मग पडद्याआड स्वतःचं स्वतः. काकूला चौथ्या खेपेला जमलं. मीच इतके प्रश्न विचारले की नर्सबाई म्हणाल्या, आजी, तुम्हाला हवंय का.

काकू तिच्या खोलीत परत गेली. वर्षभर गळणारा नळ काकाने कोणी न सांगता दुरुस्त केला. शीळसुद्धा घालतो, सूर नाही पण हौस आहे.

इकडची काळजी नको, तू तुझ्या साच्याचं बघ. लोभाला ढिलाई नको.

तुझी आजी


ता. २४ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

कडी मऊ केली. पुन्हा दहा जणींना दिली. सात जणींनी सोडली, पुन्हा तेच, 'नीट बसत नाही.' आणि नर्सबाई तपासतात तेव्हा तर छान बसलेली असते.

साहेब माणूस वाईट नाहीत, पण दमलेत. म्हणाले, बायकांना हे नकोच असेल, उगाच कशाला गळ्यात मारायचं. एकतीसला एकतर सही कर, नाहीतर कामच गुंडाळू. मी भिंतीवर सगळ्या आकड्यांचे कागद लावलेत आणि त्यांच्याकडे बघत बसते. काय चुकतंय तेच कळत नाही.

काकू वापरते आहे ना? तेवढं वाचलं तरी बरं वाटेल.

आज हसवायला काही नाही. तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी खटपटी


ता. ८ मार्च

चि. खटपटीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच काकू उशी घेऊन माझ्या खोलीत परत आली होती. मी विचारलं तर म्हणाली, नीट बसत नाही. शब्द तेच गं, तुझ्या कागदावरचे. मी म्हटलं, महिनाभर बसत होतं, आता काय त्याला पाय फुटले?

ती कूस बदलून निजली. मग मी शोधलं. चोरी म्हण हवं तर. चादरींच्या ट्रंकेत तळाशी डबी सापडली. उघडली तर भपकन वास. आत ओलं, आणि काठाला काळे ठिपके. काकू दारात उभी होती. मला पाहिलं आणि दार लोटून आत आली.

आता मी लिहिते ते नीट वाच. तू लिहिलंस, सहा तास ठेवायचं, धुवायचं, वाळवायचं. सहा तास म्हणजे सकाळ. सकाळी न्हाणीबाहेर मुलींची रांग, बाहेर काका दाढीला खोळंबलेला. कशीबशी धुते. पण वाळवायचं कुठे? दोरी गॅलरीत, आणि दोरीखाली आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचतात. खिडकीत ठेवलं तर समोरच्या घरातून दिसतं. स्वयंपाकघरात ठेवावं तर ते साखरेवर घालणारी मी आहेच. म्हणून ओलंच डबीत, डबी ट्रंकेत. वास यायला लागला, तिला किळस आली, ठिपके दिसल्यावर भीती वाटली. टाकून दिलं असतं, पण टाकायलाही जागा नाही.

मी विचारलं, नर्सबाईंना खरं का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "त्या कागदावर जागा नव्हती. तिथे फक्त बसतं का, दुखतं का, एवढंच विचारलंय. वाळवायला जागा नाही, हे काय कारण झालं का, आई?"

झालं, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही जन्मभर आमचे महिन्याचे कपडे परकराखाली वाळवले. कधी ऊन दाखवलं नाही. खाज यायची, ताप यायचा, तरी कोणाला म्हणून सांगितलं नाही. बाईला सांगायला लाज वाटली की ती असं कारण सांगते की ज्यावर पुढे प्रश्न येत नाही. तुझ्या चौतीसजणी खोटं बोलल्या नाहीत गं, त्यांच्या घरात ते बसत नाही एवढंच.

मग मीही खटपट केली, तू कोणावर गेलीस ते कळेल तुला. ते उकळलेलं झाकण घेतलं. रोज सकाळी धुवायचं आणि कपाटात लपवून, वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवायचं. आठ दिवस. पालथं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत ओलं. उताणं ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही ओलं. वाटी वाळते, पण आतून काठाशी, कडीच्या मुळाशी जी बारीक खाच आहे ना, तिथे पाणी धरून राहतं. बोट फिरवून बघ. काठावर उभं ठेवलं, खाली साबणाची भोकांची डबी, तर दुपारच्या आत खडखडीत. माझा पेन्सिलीचा हिशेब सोबत ठेवलाय, अक्षराला हसू नकोस.

ती खाच बुजव. आणि डबी अशी कर की ती बंद असतानाच आत वाळेल, आणि बघणाऱ्याला ती कशाची ते कळणार नाही. सही करू नकोस तोवर.

घाईत लिहिलंय, काकू दाराशी पहारा देतेय. मायेने राहा.

तुझी आजी


ता. २७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बैठकीत मोठ्याने वाचलं, साखरेचा भाग सोडून. मग साहेबांनी कपाटातून एक नग आणवला आणि आतल्या काठाशी बोट फिरवत बसले. ती खाच मी ठेवली होती, साचा सोपा व्हावा म्हणून. दोन वर्षं ते झाकण माझ्या टेबलावर होतं. मी ते टिपकागदाने पुसायचे आणि दिव्याखाली ठेवायचे.

वापर सोडलेल्या सगळ्यांना नर्सबाईंनी पुन्हा बोलावून, एकेकीला आत घेऊन एकच विचारलं, वाळवत कुठे होतात? पहिल्या तिघींनी विषय बदलला. चौथी रडली. चौतीसपैकी एकोणतीस जणींचं काकूसारखंच निघालं.

मी सही केली नाही. साचा जूनपर्यंत पुढे ढकलला. खाच भरून काठ गुळगुळीत केलाय, डबीला तळाशी फटी आणि आत उभं धरायला दांडी. साहेबांनी तुझं शिक्षण विचारलं. तिसरी म्हटल्यावर म्हणाले, पुढच्या बैठकीला बोलवा. काकूला नवा नग आणि डबी नर्सबाईंकडे मिळेल. तिने आधी तपासून घ्यावं, आणि तोवर तुझ्याच खोलीत निजावं.

आजी, एक विचारू? रागावू नकोस. तुझ्या वेळी हे असतं, वाळवायच्या जागेसकट, तर वापरलं असतंस?

उत्तर दिलं नाहीस तरी लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी खटपटी


ता. १९ जुलै

चि. खटपटीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

आधी घरचं. काकू तीन महिने तिच्या खोलीत आहे. डबी आरशाशेजारी, फण्यांजवळ उघड्यावर असते, आजोबांनी त्यावर चष्मासुद्धा ठेवला. मागच्या महिन्यात तिला चार दिवस उशीर झाला, तेव्हा ती न्हाणीकडे न जाता माझ्याकडे आली. दोघी मिळून मोजत बसलो. पाचव्या दिवशी सगळं नीट झालं. तू सही केलीस आणि साचा कापून झाला हे तुझ्या मधल्या चिठ्ठीत वाचून मी काकूला मिठी मारली, तिच्या हाताला पीठ होतं ते माझ्या पाठीला लागलं.

आता तू विचारलेलं.

पहिली चार मी आनंदाने घेतली असती. त्यानंतर माझ्यात काही उरलं नव्हतं. असं काही हातात असतं तर मी वापरलं असतं. पुन्हा विचारलंस तरी हेच सांगेन.

तुझा बाप माझा सहावा.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुझा लहानपणीचा फोटो आहे ना कपाटात, दात पडलेला, तो काढून बघितला. तुझ्यावाचून माझं म्हातारपण कसं असतं याचा विचार करून बघितला, करवला नाही. पण म्हणून उत्तर बदलत नाही. तू आहेस याचा मला रोज आनंद होतो, आणि तेव्हा मला कोणी विचारलं नाही याचं दुःखही आहेच. दोन्ही माझ्याच पोटात आहेत, आणि भांडत नाहीत आता.

तू रागावणार नाहीस हे ठाऊक आहे म्हणून लिहिलं. दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं.

माझ्या लोभाला तू कारण दिलं नाहीस तरी तो राहील, पण पत्र दिलंस तर बरा राहील.

तुझी आजी