ग्वार भिजायला लागणारा वेळ

४ फेब्रु., मंगळ.
चिली सॉसची बॅच पातळ आली. सॉस दाट करणारी ग्वार गमची पावडर घालून दहा मिनिटं झाली तरी टाकीत नुसतं लाल पाणी. बाटल्या भरायची लाइन उभी, मॅनेजरचे फोनवर फोन. मिक्सरवरच्या इक्बालभाईंनी पावडर चिमटीत चोळून दाखवली. "मॅडम, हा लॉट जाडा आहे, पाणीपण थंड. अर्धा तास द्या, फुगेल." बारा वर्षं लॅबमध्ये क्यू.सी. करतेय, आता हे मला शिकवणार! म्हटलं, "दोन किलो अजून टाका." टाकली. थोड्या वेळात दाटपणाचं रीडिंग जमलं, भरणी सुरू. अल कुसैसच्या फॅक्टरीतून वेळेत निघाले.

५ फेब्रु., बुध.
सकाळी बाटली उलटी धरली, थोपटली. सॉस हलेना. खळ झालीय नुसती. आधीची पावडर उशिरा फुगली, वर माझी दोन किलो. अख्खी बॅच अडकवून ठेवलीय.
बॅच शीटवर जादा दोन किलोची नोंद इक्बालभाईंच्या अक्षरात, सही त्यांची. 'कोणाच्या सांगण्यावरून' हा रकाना रिकामा. तिथे माझी सही हवी होती, घाईत राहिली. मॅनेजर सगळ्यांसमोर, "इक्बाल, अपनी मर्जी से डाला?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "चेक करते." लिहितानाही लाज वाटतेय.

६ फेब्रु., गुरु.
इ.भाईंना आधीची दोन वॉर्निंग लेटर आहेत. तिसरं म्हणजे नोकरी खलास, व्हिसा कॅन्सल, बायकोपोरीसकट रत्नागिरी. पॅन्ट्रीत गाठलं मला. आवाज चढवला नाही. "तुम्ही बोललात तर माझं राहील, मॅडम. मी बोललो तर खोटा ठरेन. आयशाची दहावी आहे ओ."
"बघते," म्हणाले. भित्री.

७ फेब्रु., शुक्र.
नवऱ्याची, संजयची नोकरी सप्टेंबरमध्ये गेली. तेव्हापासून त्याचा नि मनूचा व्हिसा माझ्या नोकरीवर. त्याला सगळं सांगितलं. म्हणतो, "थोडं थांब, घाई करू नकोस." मंगळवारी हेच ऐकलं असतं तर... मनू मोबाइलमधून मान वर न करता, "जस्ट टेल देम, आई." चौदाव्या वर्षी सगळं सोपं असतं. तिच्यावर खेकसले.

८ फेब्रु., शनि. हाफ डे.
गेले केबिनमध्ये. एका दमात सांगून टाकलं, दोन किलो मी टाकायला लावली, ते नको म्हणत होते. मॅनेजरने उठून दार लावलं.
"नेक्स्ट वीक कस्टमर का ऑडिट है. ऑपरेटर की गलती हो तो ट्रेनिंग देके छूट जाते हैं. क्यू.सी. की गलती मतलब पूरी लॅब पे सवाल. मैंने कुछ नहीं सुना, मॅडम. मंडे नौ बजे उसके लेटर की मीटिंग है. सोच के आइए."
बाहेर आले. इ.भाई लॉकरपाशी उभे. मला आत जाताना पाहिलं होतं.
"बोललात ना, मॅडम?"
"हो."
खरंच तर बोलले होते. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी घरी फोन लावलासुद्धा. "आयशाला सांग, अब्बा कुठे जात नाही." मग फोन माझ्या हातात. पलीकडे त्यांची बायको रडत होती, दुवा देत होती. काय बोलले आठवत नाही. बहुतेक परत 'हो'च म्हणाले.
मीटिंग सोमवारी नऊला.