चिखलातली जर्सी

दादा,

क्लबात तू आमचे कपडे धुतोस. सामना बघायला मिळत नाही, म्हणून जर्सीवरच्या चिखलावरून माझा खेळ ओळखतोस. फुटबॉलमध्ये मधल्या फळीतल्या खेळाडूची जर्सी कोरी राहिली तर तो खेळलाच नाही, हे तुझंच म्हणणं. पण चेंडूवर झेपावताना तुझा गुडघा कायमचा गेला, ते आठवलं की मी कच खातो.

आज सामना संपल्यावर मी गुपचूप जर्सी चिखलात घोळवली. संध्याकाळी तू वहिनीला म्हणालास, "आज पठ्ठ्या जीव तोडून खेळला!" डाग घासून तुझी बोटं सोलली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे पत्र द्यायची हिंमत नाही. पुढच्या वेळी जर्सी असेल तशी धुवायला टाकेन. कोरी निघाली, तर तीच वाच.

तुझा,
धाकटा