रोबोंची सुरुवात कुठून करायची

अहो,

ड्यूटीवर निघालेय. भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या.

लेकाच्या त्या अवाढव्य रोबोंच्या जपानी मालिका कुठून बघायला घ्यायच्या, म्हणून सकाळपासून माझं डोकं खाताय. आपल्या लग्नाच्या आधीपासून चाललेलं प्रकरण आहे ते. मधूनच कुठूनतरी लावलंत तर ओ की ठो कळणार नाही. क्रम मला धाकटीने सांगितलाय, पण मी तो मुद्दाम लिहीत नाही. त्यालाच फोन करून विचारा. फक्त 'कार्टून' म्हणू नका. त्याने जोडलेले प्लास्टिकचे रोबो भंगारात दिलेत तेव्हाही हेच म्हणाला होतात, आणि तेव्हापासून त्याने घरात पाऊल टाकलेलं नाही.

फोन उचलेल तो. बाबांचं काहीतरी अडलंय, एवढंच मी त्याला कळवलंय.